‘व्हिक्टोरियन’ हे विशेषण लावताना

चि. सोनू,

‘व्हिक्टोरियन’ म्हणजे गंभीर, सोवळा, जुन्या वळणाचा, एवढे पाठ करून थांबू नकोस. मुळात हे विशेषण फक्त काळ सांगते: व्हिक्टोरिया राणी 1837 ते 1901 गादीवर होती, तो काळ. मुंबईच्या सीएसएमटी स्थानकाच्या इमारतीला ते लावताना कुणाच्या मनात सोवळेपणा नसतो. त्यात हेटाळणी मिसळली ती मुख्यतः पुढच्या पिढीने. लिटन स्ट्रेची यांचे ‘एमिनंट व्हिक्टोरियन्स’ हे पुस्तक 1918 मध्ये, पहिले महायुद्ध सरता सरता निघाले आणि वडीलधाऱ्यांच्या थोरवीवरचा विश्वास उडालेल्या तरुणांना ते पटले. मुलांनी बापांचा केलेला निवाडा तू शब्दार्थ म्हणून उचलते आहेस. व्हिक्टोरियन लोक पियानोचे पायसुद्धा लाजेने झाकत, ही गोष्टच घे. तिचा उगम इंग्रज लेखक कॅप्टन मॅरियट यांच्या 1839 च्या अमेरिकेवरील पुस्तकात आहे. मुलींच्या एका अमेरिकन शाळेत असे पाहिल्याचे त्यांनी लिहिले, इंग्रज वाचक अमेरिकनांना हसले, आणि पुढे ती गोष्ट हसणाऱ्यांच्याच गळ्यात पडली.

तू म्हणशील, मग तो कर्मठपणा खोटाच का? मुळीच नाही. 1860 च्या भारतीय दंडसंहितेतले कलम 377 त्याच वृत्तीतून आले. प्रौढांचे संमतीने असलेले समलिंगी संबंध त्यातून वगळायला 2018 उजाडले. तिथे हे विशेषण खुशाल लाव. पण वेश्या असल्याच्या नुसत्या संशयावरून बायकांची सक्तीने तपासणी करणारे कायदे ब्रिटनमध्ये 1864 पासून आले, तेव्हा त्यांच्याविरुद्ध भर सभांत बोलणाऱ्या जोसेफीन बटलर धर्मनिष्ठ, अगदी त्याच काळाच्या होत्या. असल्या विषयावर कुलीन स्त्रीने बोलू नये, हा संकेत त्यांनी मोडला. 1886 मध्ये ते कायदे रद्द झाले. स्त्रियांच्या दास्याविरुद्ध 1869 मध्ये लिहिणारे इंग्रज तत्त्वज्ञ मिलही त्याच काळातले, आणि मिल-स्पेन्सरांच्या विचारांवर पोसलेल्या आपल्या समाजसुधारक आगरकरांनी बालविवाह नि केशवपनावर लेखणी चालवली. गांभीर्य या सगळ्यांत ओतप्रोत होते, जुनाटपणा नव्हता. हे विशेषण दोहोंची एकच मोट बांधते, म्हणून मला ते सरसकट वापरलेले खपत नाही. तुझ्या निबंधातले हे विशेषण लावलेले वाक्य पुन्हा लिही: माणूस कोण, साल कोणते, आणि त्याचा कडकपणा कुणाच्या बाजूने उभा होता, हे त्यात येऊ दे.

तुझा,
मामा