जामीनदाराला आधी परवानगी मागावी लागते

आमच्या बाभुळगावात कुणाकडे कोर्टाचा बेलिफ येऊन गेला की पहिला सल्ला ठरलेला असतो : "तारखेला जाऊ, सांगू काय सांगायचं ते." साध्या दाव्यात हे खपून जातं. पण बँकेनं दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर ३७ खाली समरी दावा लावला असेल, तर तुमचं म्हणणं ऐकायचं की नाही हेच आधी ठरतं. त्यासाठी बचावाची परवानगी, वकिलांच्या बोलीत 'लीव्ह टू डिफेंड', मागावी लागते.

मेहुण्याचं कृषी केंद्र होतं आणि त्याच्या सीसी (कॅश क्रेडिट) खात्याला मी जामीन होतो. २०१७ च्या खरिपात बोंडअळीनं कापूस खाल्ला, उधारीवर बियाणं-खत नेलेल्यांकडून वसुली होईना, दुकान बसलं. बाकी २० लाखांच्या आत होती, त्यामुळे प्रकरण कर्जवसुली न्यायाधिकरणात (डीआरटी) न जाता दिवाणी कोर्टात आलं. (पतसंस्थेचं कर्ज असेल तर सहकार कायद्याच्या कलम १०१ चा वसुली दाखला येतो. तो रस्ता वेगळा.)

इथं मुदती दोन. समन्स मिळाल्यापासून १० दिवसांत कोर्टात हजेरी आणि आपला पत्ता नोंदवायचा. मग बँक 'निकालाचं समन्स' बजावते. तेव्हापासून पुन्हा १० दिवसांत शपथपत्रासह परवानगीचा अर्ज. पहिली मुदत पाळून निर्धास्त झालेले दुसरीत अडकतात. सबळ कारण असेल तर उशीर माफ होतो, पण त्या भरवशावर राहू नये. आणि पत्ता विचार करून द्या. त्या पत्त्यावर कागद ठेवला की बजावणी झाली असं धरतात, मग तुम्ही पोराकडे पुण्याला का असेना.

आता शपथपत्र. नापिकी, आजारपण, लेकीचं लग्न हे सगळं खरं असतं, पण तो बचाव नव्हे. त्या गोष्टी तडजोडीच्या बोलणीत कामी येतात. आमच्या वकिलांनी माझी तीन पानांची कहाणी बाजूला ठेवली आणि खातेउतारा मागवला, पहिल्या दिवसापासूनचा. त्यात दिसलं की सीसीची मर्यादा मध्येच वाढवली होती आणि त्या कागदावर माझी सही नव्हती. करार कायद्याच्या कलम १३३ प्रमाणे जामीनदाराच्या संमतीशिवाय अटी बदलल्या, तर बदलानंतरच्या व्यवहारांतून तो सुटतो. अर्थात बँकांच्या छापील हमीपत्रात हा हक्क सोडल्याचं कलम बहुधा असतं, म्हणून ते शब्द न् शब्द वाचा. शिवाय मुदतबाह्यता तपासा : दावा सहसा ३ वर्षांत लावावा लागतो, पण मुदत संपायच्या आत दिलेली लेखी कबुली ती पुन्हा सुरू करते. वसुलीवाल्यांनी "फक्त सही करा" म्हणून पुढे केलेला कागद हाच असू शकतो.

परवानगीचा निकष सर्वोच्च न्यायालयानं २०१६ मध्ये आयडीबीआय ट्रस्टीशिप विरुद्ध हबटाउन या प्रकरणात मांडला आहे. बचाव भक्कम असेल, किंवा तपासण्याजोगा खरा मुद्दा असेल, तर सहसा बिनशर्त परवानगी. हेतूबद्दल शंका असेल तर रक्कम भरण्याची किंवा तारणाची अट. बचाव पोकळ असेल तर नकार, आणि बँकेला लगेच डिक्री. जेवढं देणं तुम्ही कबूल करता तेवढं मात्र कोर्टात भरल्याशिवाय परवानगी नाही. म्हणून कबूल आकडा पैशापर्यंत मोजून लिहा. मला मूळ मर्यादेपुरती रक्कम भरायला सांगितली आणि उरलेल्या रकमेवर लढायची परवानगी मिळाली. तूर विकून भरली. ठरल्या दिवसात भरली नसती तर डिक्री आणि मागोमाग दरखास्त आली असती.

वकिलाची फी झेपत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करा. स्त्रिया आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

आमचं शेवटी लोकअदालतीत मिटलं. तिथल्या निवाड्यावर अपील नसतं, त्यामुळे सही करण्यापूर्वी जामीनदारानं एक ओळ शोधावी : ठरलेली रक्कम भरल्यावर कर्जदाराबरोबर जामीनदारही मोकळा. पहिल्या मसुद्यात ती नव्हती. आम्ही घालून घेतली.