पेन ड्राइव्हवरची लिनक्स आणि दोन देशांची इंग्रजी

चि. चिनू,

मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा सर्वसाधारण सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते आणि ती तुझ्या लॅपटॉपमध्ये नाही. चालतं यंत्र भंगारात घालण्यापेक्षा त्यावर लिनक्स लावून बघावी, हा तुझा विचार मामाला मनापासून पटला. पण हार्ड डिस्कला हात लावायची घाई करू नकोस.

आधी पेन ड्राइव्हवरून चालवून बघ. उबंटू, लिनक्स मिंट किंवा फेडोरा या लिनक्सच्या प्रकारांपैकी एकाची आयएसओ फाइल त्यांच्या मूळ साइटवरूनच उतरवून घे आणि तिचा चेकसम, म्हणजे साइटवर दिलेला पडताळणीचा आकडा, जुळवून बघ. मग रूफस हा प्रोग्राम वापरून ती पेन ड्राइव्हवर चढव. पेन ड्राइव्हवर आधी जे असेल ते पुसलं जातं, म्हणून रिकामाच घे. त्यावरून बूट केलंस की सगळी प्रणाली पेन ड्राइव्ह आणि मेमरी यांवरच चालते आणि डिस्क जशीच्या तशी राहते. जर्मनीच्या क्लाउस क्नॉपर यांनी २००० मध्ये ‘क्नॉपिक्स’ आणली आणि एका सीडीवरून अख्खी लिनक्स चालवून बघायची सोय घरोघरी पोचवली. वायफाय लागतंय का, आवाज येतोय का, झाकण मिटून पुन्हा उघडल्यावर पडदा जागा होतोय का, हे सगळं तिथेच तपास. अशा आधी चाखून बघण्याला ब्रिटिश बोलीत ‘सक इट अँड सी’ म्हणतात. ऐकायला विचित्र वाटलं, तरी त्यात वावगं काही नाही.

हे बोलीचं प्रकरण मामा मुद्दाम काढतोय. उबंटूमागची कॅनॉनिकल कंपनी लंडनची, रास्पबेरी पाय हा छोटा संगणक बनवणारी केंब्रिजची, तर फेडोराच्या पाठीशी असलेली रेड हॅट अमेरिकेतल्या रॅलेची. अडचणींची उत्तरं दोन्हीकडची माणसं इंटरनेटवर हौसेने लिहितात आणि आपापल्या घरच्या इंग्रजीत लिहितात. शाळेत शिकलेली इंग्रजी तिथे पुरत नाही.

कुणी अमेरिकन ‘न्यूक अँड पेव्ह’ करून टाक, असं सहज सुचवेल. त्याचा अर्थ डिस्क साफ पुसून सगळं नव्याने घाल. सुचवणाऱ्याने स्वतःच्या फायलींची प्रत काढून ठेवलेली असते. तुझ्या आईच्या वीस वर्षांच्या फोटोंची प्रत आहे का, हे त्याला माहीत नसतं. प्रणाली ‘होझ्ड’ झाली, असं अमेरिकन म्हणतो, तेव्हा ती पार बिघडलेली असते. ब्रिटिश माणूस तिलाच ‘नॅकर्ड’ म्हणेल. ‘डॉजी’ ड्रायव्हर म्हणजे मात्र नुसता बेभरवशाचा, अजून चालतोय. तात्पुरत्या जोडाजोडीला ब्रिटनमध्ये ‘बॉज’ म्हणतात आणि अमेरिकेत ‘क्लूज’. हा दुसरा शब्द १९६२ मध्ये जॅक्सन ग्रॅनहोम यांच्या ‘डेटामेशन’ मासिकातल्या लेखामुळे संगणकवाल्यांत रुळला. कुणी स्वतःच्याच उपायाला असं काही म्हटलं असेल, तर तो उपाय पुढच्या अपडेटमध्ये मोडू शकतो, हे धरून चाल. आणि ‘क्वाइट गुड’ या साध्या शेऱ्यातही फरक आहे: अमेरिकन माणसाच्या तोंडी ते कौतुक असतं, ब्रिटिश माणसाच्या तोंडी बहुधा ‘ठीक आहे’ एवढंच.

सॉफ्टवेअरच्या नावांतही हे उतरलंय. लिनक्सचे जनक लिनस टॉरवाल्ड्स यांनी एप्रिल २००५ मध्ये लिहायला घेतलेलं ‘गिट’, म्हणजे प्रोग्राममधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन, तू उद्या कॉलेजात रोज वापरशील. ब्रिटिश बोलीत तो एक अपशब्द आहे आणि लिनक्सप्रमाणे हेही नाव स्वतःवरूनच ठेवल्याचं टॉरवाल्ड्स यांनी सांगितलंय. ‘गिंप’ या चित्रांच्या प्रोग्रामचं तसं नाही. तो घडवला बर्कलीच्या दोन विद्यार्थ्यांनी, आणि त्याचं नाव दुसऱ्यांना, म्हणजे अपंगांना, हिणवणारा शब्दही आहे. त्यावरून २०१९ मध्ये काही जणांनी ‘ग्लिम्प्स’ नावाची वेगळी शाखा काढली, ती २०२१ मध्ये थांबली. मामाला त्यांचा आक्षेप रास्त वाटतो.

प्रणाली डिस्कवर घालताना हाच फरक तुझ्या बोटांखाली येईल. आपली स्पेलिंगं ब्रिटिश, म्हणून मुलं ‘इंग्लिश यूके’ कीबोर्ड निवडतात. पण भारतात विकले जाणारे लॅपटॉप बहुतेक अमेरिकन मांडणीचे असतात. यूके निवडलंस तर ‘अॅट’चं चिन्ह आणि दुहेरी अवतरणचिन्ह यांची अदलाबदल होते, आणि त्यांपैकी एखादं चिन्ह असलेला पासवर्ड बरोबर टाकूनही चुकीचा ठरू शकतो. टर्मिनलमध्ये सतत लागणारी उभी रेघ, म्हणजे पाइप, तर नेहमीच्या जागी सापडतच नाही. म्हणून ठिकाण भारत निवड आणि कीबोर्ड ‘इंग्लिश, इंडिया, विथ रुपी’ घे. मराठीसाठी इनस्क्रिप्ट मांडणी कीबोर्डच्या सेटिंग्जमध्ये जोडता येते. सगळंच अमेरिकन ठेवलंस तर तारखेत महिना आधी येतो आणि छापताना कागद ए-४ ऐवजी ‘लेटर’ धरला जातो.

पेन ड्राइव्ह तयार करायला उत्तरांत सुचवतात त्या ‘डीडी’ आज्ञेपासून सध्या लांब राहा. ती डिस्कवर थेट लिहिते आणि लिहिण्याआधी काही विचारत नाही. पेन ड्राइव्हचं नाव एसडीबी असताना चुकून एसडीए लिहिलंस, तर डिस्कवरचं सगळं जातं. उत्तरात दिलेल्या आज्ञेतला प्रत्येक शब्द काय करतो, हे ‘मॅन’ पानात, म्हणजे लिनक्समधल्याच माहितीपानात, वाचल्याशिवाय एंटर दाबू नकोस.

अडलंस तर बिनधास्त विचार. प्रणालीचं नाव, आवृत्ती, लॅपटॉपचं मॉडेल आणि पडद्यावर आलेली चूक अक्षरशः लिही. इंग्रजी साधी, पुस्तकी असली तरी चालेल. ती दोन्ही देशांत कळते. उसनी बोली मात्र तुझ्या प्रश्नात घालू नकोस, कारण ‘पिस्ड’ म्हणजे अमेरिकेत चिडलेला आणि ब्रिटनमध्ये प्यायलेला. फोटोंची प्रत बाहेरच्या डिस्कवर झाली की कळव, मग पार्टिशनचं फोनवर बोलू.

तुझा,
मामा