आधी मीटर, मग पाना

चि. बाळास,


परवा रात्री माळशेज घाटात तुझ्या पिकअपचे दिवे पिवळे पडले आणि टोमॅटोचे क्रेट भरलेली गाडी तू तशीच खाली उतरवलीस, हे ताईने सांगितल्यापासून जिवाला घोर लागला आहे. आता वर्षात दुसरी बॅटरी घेणार म्हणे. थोडा थांब. बॅटरी ही टाकी, तिच्यात पाणी चढवणारी मोटार म्हणजे अल्टरनेटर. मोटारच दमली असेल तर टाकी बदलून काय होणार?

माझा मल्टीमीटर घेऊन जा. सकाळी सेल्फ मारायच्या आधी बॅटरीवर माप, १२.६ व्होल्टच्या आसपास हवं. मग इंजिन चालू करून, हेडलाइट लावून पुन्हा माप. १३.८ ते १४.४ आलं तर चार्जिंग ठीक. १२ च्या घरात रेंगाळून घसरत गेलं तर चार्जिंग होत नाही. १५ च्या वर गेलं तर रेग्युलेटर बिघडला, तो बॅटरी उकळवून टाकेल.

आकडा कमी आला तरी लगेच अल्टरनेटर उतरवू नकोस. पट्टा ढिला किंवा गुळगुळीत झालाय का बघ. मग इंजिन नि दिवे चालू ठेवून मीटरची एक पिन अल्टरनेटरच्या जाड वायरच्या नटावर, दुसरी बॅटरीच्या प्लसवर लाव. ०.३ व्होल्टहून जास्त दिसलं तर वीज वायरीतच जिरते आहे. अल्टरनेटरची बॉडी आणि बॅटरीचा मायनस यांच्यातही असंच मापून अर्थिंग तपास. चावी फिरवल्यावर डॅशबोर्डवरचा बॅटरीचा दिवा लागायला हवा आणि इंजिन सुरू झाल्यावर विझायला हवा.

चालू इंजिनवर बॅटरीचं टर्मिनल काढून बघायची खोड आपल्याकडे जुनी आहे. उमेदवारीत मीही ते केलं आणि गिऱ्हाइकाच्या चांगल्या अल्टरनेटरचे डायोड जाळले. तू ते कधीही करू नकोस.

एवढं करूनही दोष अल्टरनेटरचाच निघाला तर तो बदल. पहिल्यांदा बॅटरीचा मायनस काढ, कारण त्या जाड वायरीत इंजिन बंद असतानाही वीज असते. नवा घेताना जुन्याइतक्याच अँपिअरचा घे. आणि बाळा, हे नीट वाच: तुझ्या गाडीत अल्टरनेटरच्या पाठीलाच व्हॅक्यूम पंप आहे. ब्रेकच्या बूस्टरला जोर तिथून मिळतो. पट्टा तुटला तर दिवे जातातच, शिवाय दोन-चारदा ब्रेक दाबल्यावर पेडल दगडासारखं होतं. भरलेल्या गाडीला घाटउतारावर ते काय करेल, याचाच मला घोर लागला होता. म्हणून जोडताना पंपात थोडं स्वच्छ इंजिन ऑइल घाल, ऑइलच्या पाइपांना नवे वॉशर लाव, व्हॅक्यूमचा पाइप चिरलेला असेल तर तोही बदल.

सगळं बसलं की इंजिन बंद ठेवून पेडल पाच-सहा वेळा दाब. कडक झालं की पाय तसाच दाबून ठेव आणि सेल्फ मार. पेडल पायाखाली किंचित खाली गेलं पाहिजे. गेलं नाही तर गाडी अंगणातून हलवू नकोस, मला फोन कर.

जुना अल्टरनेटर भंगारात देऊ नकोस. नुसते कार्बन झिजले असतील तर मी भरून देतो, पुढच्या वेळी उपयोगी पडेल.

तुझा,
मामा