घडीचं फावडं घेण्याआधी

धारणीजवळ गडगा नदीच्या बाजूला ओळखीच्या शेतात तंबू ठोकला होता. मेळघाट १९७४ पासून व्याघ्र प्रकल्प. तिथल्या जंगलात मनाला येईल तिथे मुक्काम करता येत नाही, आणि तेच बरं आहे. रात्री पावसानं झोडपलं. सकाळी जीपची मागची चाकं काळ्या मातीत अर्धी रुतलेली. मित्रानं मोठ्या हौसेनं घडीचं फावडं काढलं. मुठीत होकायंत्र, पात्याला करवतीचे दाते, बाटली उघडायची खाचसुद्धा! पातं काटकोनात वळवलं, फिरकी आवळली आणि चाकापुढची माती ओढायला घेतली. थोडी निघाली न निघाली तोच फिरकी सैल पडली, पातं गर्रकन दांड्याकडे फिरलं आणि त्याची दोन बोटं मध्ये सापडली.

"भाऊ, हे पोट्ट्याईचं खेळनं व्हय का?" शेतमालक काकांनी विचारलं आणि घरून फावडं, टिकास घेऊन आले. चाकाखाली दगड रचल्यावर गाडी निघाली.

या अवजाराचं कूळ सैन्यातलं. लिनेमन या डॅनिश अधिकाऱ्यानं १८६९ मध्ये सैनिकाला सोबत नेता येईल असं आखूड फावडं काढलं. घडीची फावडी दुसऱ्या महायुद्धात जर्मन आणि अमेरिकन सैनिकांकडे होती. सरळ दांड्याचं फावडं पुढे खुपसायचं, पायानं दाबायचं, माती उचलायची. आपला हात मात्र माती स्वतःकडे ओढायला सरावलेला. म्हणून आपण ते काटकोनात धरतो आणि घावाचा सगळा हिसका बिजागरीवर बसतो.

तेव्हा दुकानात बिजागरीच तपासा. पातं काटकोनात आवळून जमिनीवर टेकवा आणि अंगाचा भार द्या. जरा जरी हललं तरी परत ठेवा. पत्रा अंगठ्यानं दाबून लवत असेल तर मेळघाटातल्या काळ्या दगडापुढे तो टिकणार नाही. पात्याच्या वरच्या कडेला पाय ठेवायला दुमडलेली पट्टी हवी, नाहीतर तळव्यात रुततं. दांडा पोकळ आणि त्यात आगपेटी, चाकू भरलेला असेल तर मी हातही लावत नाही. दाते असतील तर म्यान हवंच.

काळी माती आणि नदीची वाळू फिरकीच्या आट्यांत शिरली की ती जाम होते. धुवा, कोरडं करा, तेलाचा थेंब सोडा.

पाठीवर ओझं घेऊन चालणाऱ्यांना घडीचं फावडं खरंच उपयोगी. शौचासाठी पाण्यापासून साठेक मीटर लांब, वीतभर खोल खड्डा करायचा. तेवढ्याला ते पुरतं. चूल विझवतानाही निखाऱ्यांवर पाणी ओतून त्यानं राख उलटीपालटी करा. नुसती माती लोटली तर आतला निखारा धुमसत राहतो, आणि उन्हाळ्यात सागाचा वाळलेला पाला पेटायला वेळ लागत नाही.

गाडीनं जाणार असाल तर लोहाराकडून साधं फावडंच घ्या, दांडा थोडा आखूड करून. सीटमागे मावतं.