व्हाळाचा फोटो दगडावर उभा असतो

बाळा, तुझा नवा कॅमेरा आला आणि पहिलाच बेत आंबोलीचा ठरला, हे ऐकून फार बरं वाटलं. या घाटात मी रोल घालून फोटो काढायला लागले तेव्हा तुझा बापसुद्धा शाळेत होता. तेव्हापासून जे हाताला लागलं ते आता तुझ्या हातात द्यायचं आहे, म्हणून नीट ऐक.

आंबोलीत वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. लोक येतात ते रस्त्याकडेचा मोठा धबधबा बघायला. तू तिथे थांबू नकोस. रानात आत शिर, जिथे पाण्याचा नुसता खळखळाट ऐकू येतो. घाटावरचे त्याला ओढा म्हणतात, आम्ही व्हाळ म्हणतो. पाणी गुडघाभर, उडी हातभर, दोन्ही काठांवर नेचे आणि मध्ये शेवाळलेले दगड. मोठ्या धबधब्यासमोर उभं राहून सगळे एकच फोटो काढतात. व्हाळाचा फोटो मात्र ज्याचा त्यालाच शोधावा लागतो.

पोहोचल्यावर पिशवी उघडू नकोस. पंधरा मिनिटं बस आणि दगड बघ. पाणी नव्हे, दगड. हे मला फार उशिरा कळलं. माझे सुरुवातीचे कितीतरी फोटो नुसते पांढरे पट्टे आहेत, कारण मी पाण्याच्या मागे धावत होते. पाणी फोटोत वाहतं दिसतं ते त्याच्या शेजारी काहीतरी ठाम उभं असतं म्हणून. एखादा काळा कातळ, त्याच्या डोक्यावर अडकलेलं पिवळं पान, पाणी दुभंगून दोन्ही अंगांनी जातंय, असा एक दगड सापडला की तुझा फोटो तिथेच आहे. तो दगड खणखणीत स्पष्ट यायला हवा. तोच हलला तर सगळा फोटो बिघडला समज.

मग खाली बस. उभ्या उंचीवरून हातभर पडणारं पाणी चपटं दिसतं. कॅमेरा गुडघ्याच्याही खाली आण, रुंद कोनाची लेन्स लाव आणि दगडापासून दोन हातांवर जा. आता तीच हातभर उडी भिंतीएवढी वाटते. गुडघे भिजतील, भिजू देत.

तिवईशिवाय हे काम होत नाही. तिचे पाय वाळूत किंवा गोट्यांवर टेकवू नकोस. पाणी त्यांच्या खालची वाळू सरकवत राहतं आणि अर्ध्या सेकंदात फोटो हलायला तेवढं पुरतं. पाय थेट कातळावर टेकव, मधला दांडा वर काढू नकोस. कॅमेऱ्याचा पट्टा काढून खिशात ठेव, तो वाऱ्याने फडफडला की कॅमेरा थरथरतो. लेन्समधलं कंपन थोपवणारं बटण बंद कर. तिवईवर पुष्कळ लेन्स स्वतःच कंप शोधत बसतात. आणि शटरचं बटण थेट बोटाने दाबून फोटो काढू नकोस, दोन सेकंदांचा टायमर लाव.

आता शटर. तुम्हा मुलांना वाटतं, पाणी जितकं दुधासारखं तितका फोटो चांगला. मला हे पटत नाही. तीस सेकंद शटर उघडं ठेवलं की व्हाळाचं धुकं होतं, आणि मग तो आंबोलीचा व्हाळ आहे की आणखी कुठला, काही कळत नाही. पाण्याच्या अंगावर धागे दिसले पाहिजेत. कुठे ते जाड होतं, कुठे दगडाला वळसा घालतं, कुठे आपटून फुटतं, हे सगळं दिसलं पाहिजे. त्यासाठी बहुतेक वेळा पाव सेकंद ते एक सेकंद पुरे. पाणी जोरात असेल आणि तू अगदी जवळ असशील, तर एक अष्टमांश सेकंदातही धागे येतात. संथ असेल तर दोन सेकंद लागतील. ठरलेला आकडा नाही. चौकट तीच ठेवून एक अष्टमांश, पाव, अर्धा, एक, दोन अशी ओळीने पाच छायाचित्रं काढ आणि घरी मोठ्या पडद्यावर बघ. मी वहीत सेकंद लिहून ठेवायचे, कारण रोल धुऊन येईपर्यंत काहीच दिसत नसे. तुला सगळं जागच्या जागी दिसतं, म्हणून वही सोडू नकोस. पाणी कसं होतं हे कॅमेरा नोंदवत नाही. ‘पोटरीभर, वेगात, पाऊस थांबून तासभर झालेला’ असं तुलाच लिहावं लागेल.

लांब शटरचा एक उपयोग मात्र मला मनापासून आवडतो. उडीच्या खाली डोह असतो, त्यात फेस आणि एखाददुसरं पान गोल गोल फिरत असतं. डोळ्याला ते नुसतं तरंगताना दिसतं. पंधरा-वीस सेकंद शटर उघडं ठेव, भोवऱ्याची सगळी वर्तुळं कागदावर आखल्यासारखी उमटतात.

शटर लांबवायचं म्हणजे उजेड कमी हवा. लोक लगेच काळे फिल्टर घेतात. तू आधी पोलरायझर घे. ओल्या दगडावर आणि ओल्या पानांवर आभाळाची पांढरी चमक बसलेली असते, ती रंग खाऊन टाकते. पोलरायझर हळूहळू फिरवत जा, एका जागी ती चमक विरते, पानं हिरवीगार होतात आणि पाण्याखालचे गोटे दिसू लागतात. पाण्याकडे तिरकं बघत असलास तर हे घडतं, सरळ वरून बघितलंस तर काही फरक पडत नाही. पण चमक पूर्ण पुसू नकोस. थोडी राहिली तरच दगड ओला वाटतो, नाहीतर कोळशासारखा कोरडा दिसतो. शिवाय हा फिल्टर दीड-दोन स्टॉप उजेड खातो. ढगाळ सकाळी झाडाखाली आयएसओ १००, एफ ११ ला एक अष्टमांश सेकंद मिळत असेल, तर पोलरायझर लावल्यावर अर्धा सेकंद मिळतो. म्हणजे एका फिल्टरमध्ये दोन कामं. उघड्यावरच्या व्हाळासाठी सहा स्टॉपचा काळा फिल्टर नंतर घे, तो एक साठांश सेकंदाचा एक सेकंद करतो. उजेड कमी करायला एफ २२ वर मात्र जाऊ नकोस. छिद्र इतकं बारीक केलं की प्रकाश कडांवर पसरतो आणि दगडाची धार जाते. फिल्टर नसेलच, तर एक अष्टमांश सेकंदाची लागोपाठ आठ छायाचित्रं काढून संगणकावर त्यांची सरासरी काढ, साधारण सेकंदभराचा परिणाम मिळतो.

उजेडाबद्दल आणखी एक. आपल्याकडचा दगड काळा आणि पाणी पांढरंशुभ्र. कॅमेरा काळा दगड बघून घाबरतो, उजेड वाढवतो, आणि पाण्याचे धागे जळून नुसता पांढरा डाग उरतो. एकदा जळलेलं पांढरं परत येत नाही. म्हणून दोन तृतीयांश ते एक स्टॉप कमी ठेव, हिस्टोग्राम उजव्या कडेला चिकटलेला नाही ना ते बघ, आणि रॉ मध्येच काढ. काळोखातला दगड नंतर उजळता येतो. झाडीत सावलीतल्या पाण्याला निळसर झाक येते, तिथे व्हाइट बॅलन्स सावलीवर ठेव. ऊन आलं, पानांतून कवडसे पडायला लागले, की कॅमेरा बंद कर आणि डबा उघड. कवडशातला व्हाळ डोळ्याला गोड, फोटोत ठिपकेच ठिपके. ढग आणि भुरभुर हाच आपला खरा दिवस.

वारा नेच्यांना हलवत असतो. दोन फोटो जोडून ते दुरुस्त करता येतं, मला माहीत आहे. पण थांबून बघ. वारा मिनिटाभरात श्वास घेतोच, आणि त्या मिनिटात तुला आणखी काहीतरी दिसतं. मला एकदा कातळाच्या कपारीत बसलेला खेकडा असाच दिसला होता.

लेन्सवरचा थेंब हा सगळ्यात मोठा शत्रू. जुन्या सुती साडीचे चार तुकडे आण, दर फोटोआधी काच पूस. एसीच्या गाडीतून उतरल्या उतरल्या कॅमेरा बाहेर काढू नकोस, काचेवर वाफ धरते. पिशवीतच अर्धा तास राहू दे. आणि घरी परतल्यावर कॅमेरा चामड्याच्या पेटीत कोंडू नकोस. कोकणातल्या एका पावसाळ्यात माझ्या सगळ्यात आवडत्या लेन्सला आतून बुरशी आली, ती पुन्हा पहिल्यासारखी झाली नाही. घट्ट झाकणाचा डबा आणि त्यात सिलिका जेलच्या पुड्या, एवढं पुरतं.

आता जे तुला ऐकावंच लागेल. शेवाळलेल्या कातळावर पाय टाकण्याआधी काठीने चाचपून बघ, एका वेळी एकच पाय उचल. फांदीला हात लावण्याआधी फांदी बघ. मलबार चापडा हा साप पानासारखा निश्चल बसून असतो. जळवांसाठी मीठ ठेव. आणि पाण्यावर कान ठेव. तुझ्या डोक्यावर पाऊस नसला तरी वर डोंगरात असू शकतो. स्वच्छ पाणी अचानक गढूळ झालं, काटक्या-पाचोळा वाहत यायला लागला, खळखळाट जड झाला, की तिवई उचलायलाही थांबू नकोस, आधी काठावर चढ. ३० जून २०२४ ला लोणावळ्याच्या भुशी धरणाजवळ एकाच कुटुंबातली पाच माणसं अशाच वाढलेल्या पाण्यात वाहून गेली. कॅमेरा दुसरा घेता येतो, बाळा.

आणि चौकट सुंदर करायला दगड हलवू नकोस, शेवाळ खरवडू नकोस. इथल्या हिरण्यकेशी नदीच्या उगमाच्या कुंडात एक इवलासा मासा राहतो, विज्ञानाला तो २०२० मध्ये कळला, आणि २०२१ मध्ये सरकारने ती जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केली. त्याआधी पिढ्यान्‌पिढ्या लोक तिथे दर्शनाला येत होते आणि तो तिथेच होता. तू उचललेल्या दगडाखाली कोणाचं घर आहे, हे तुला-मला ठाऊक नाही. दगड आवडला नाही तर तू जागा बदल.

जुलैचं तिकीट मात्र रद्द कर. तेव्हा व्हाळ जांभ्याची माती घेऊन तांबडा धावतो आणि त्याच्याजवळ बसता येत नाही. गणपती झाले की ये. पाणी निवळलेलं असतं, काठावर तेरडा फुललेला असतो, ढग अजून रेंगाळलेले असतात. दसऱ्याच्या आत ये. त्यानंतर पाणी भराभर उतरतं, आणि हिवाळा सरेपर्यंत माझ्या आवडत्या व्हाळात नुसते दगड उरतात.