आधी भाकर, मग प्रश्न

आजचे वाचन : १ राजे १९:१-१८



"एकदा पास्टरांशी बोलून बघ ना." तुम्हालाही हे कुणीतरी सांगितलं असेल. पण तिथे गेल्यावर नेमकं होतं काय? तासभर उपदेश? डोक्यावर हात ठेवून प्रार्थना, की झालं? आणि रविवारपर्यंत सगळ्या मंडळीत चर्चा?

नोकरी सुटल्यावर मी पुण्याहून वाशीमला घरी परतले, तेव्हा माझ्याही मनात हेच होतं. महिनाभर धड झोप नव्हती. आई रोज म्हणायची, मी रोज टाळायचे. एकीने तर सांगितलं, "विश्वास कमी पडतोय तुझा." त्या दिवसापासून मी बायबल उघडणंच बंद केलं.

शेवटी गेले. पास्टर आणि पाळकीणबाई दोघंही बसले होते. आधी चहा आला. मग पास्टर म्हणाले, "बोल बेटा, घाई नाही." पहिल्या दिवशी ते जवळजवळ काहीच बोलले नाहीत.

आजचा अध्याय वाचताना मला तोच चहा आठवतो. ज्याच्या प्रार्थनेनंतर कर्मेलावर स्वर्गातून अग्नी उतरला, तोच एलीया ईजबेलीच्या धमकीने रानात पळतो, झाडाखाली बसतो आणि मरण मागतो. देव त्याला रागावत नाही. दूत येतो, त्याला भाकर आणि पाणी देतो. एलीया खातो, पुन्हा झोपतो. दूत पुन्हा खाऊ घालतो. होरेबापर्यंतचा लांबचा प्रवास झाल्यावर मग देव प्रश्न विचारतो, तोही दोनदा. एलीया दोन्ही वेळा तेच गाऱ्हाणं सांगतो, आणि देव दोन्ही वेळा ऐकून घेतो. त्यानंतर काम देतो, आणि सोबतीला अलीशा देतो. शिवाय सांगतो, तू एकटा नाहीस, अजून सात हजार आहेत.

मंडळीतलं चांगलं समुपदेशन याच क्रमाने चालतं. म्हणून जाताना ही अपेक्षा ठेवा :

१. आधी ऐकलं जाईल. ऐकण्याआधी उत्तर देणं मूर्खपणाचं आहे, असं नीतिसूत्रे १८:१३ शिकवतं.

२. वचन तुमच्या परिस्थितीला धरून येईल. मला स्तोत्र ४२ रोज वाचायला आणि त्याखाली स्वतःची एक ओळ लिहायला सांगितलं होतं. एवढाच गृहपाठ.

३. पापाबद्दल प्रश्न येऊ शकतो. पण प्रत्येक दुःख हे पापाचं फळ नसतं. ईयोबाचे मित्र इथेच चुकले.

४. एका भेटीत सगळं सुटणार नाही. माझ्या सहा भेटी झाल्या.

५. गोष्ट बाहेर जाणार नाही, पण या नियमाला मर्यादा आहे. पहिल्याच भेटीत ती विचारून घ्या. जीव धोक्यात असेल तर घरच्यांना सांगावं लागतं. अठरा वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं, तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे कळवावंच लागतं. घरात मारहाण होत असेल, तर "सहन कर, प्रार्थना कर" एवढाच सल्ला पुरेसा नाही. आधी सुरक्षित जागा हवी.

दुसऱ्या भेटीत मी कुणालाच न सांगितलेलं बोलून गेले, की रात्री मेलेलं बरं वाटतं. पास्टर दचकले नाहीत, रागावलेही नाहीत. "आज रात्री घरी कोण आहे?" एवढंच विचारलं. मला विचारून आईला बोलावलं. दुसऱ्या दिवशी पाळकीणबाई माझ्यासोबत डॉक्टरांकडे आल्या. गोळ्या सुरू झाल्या, भेटीही चालू राहिल्या.

गोळ्या घेणं म्हणजे अविश्वास, असं म्हणणाऱ्यांना मी आमच्या वाशीमची गोष्ट सांगते. नाझरीन मंडळीच्या मिशनरी डॉ. ऑर्फा स्पायकर यांनी १९३८ मध्ये इथे रेनॉल्ड्स मेमोरियल हॉस्पिटल सुरू केलं. गावाला तेव्हा बासीम म्हणत. ज्यांनी इथे वचन सांगितलं, त्यांनीच औषधही दिलं. पौलाच्या सोबतीलाही लूक वैद्य होताच (कलस्सै ४:१४). म्हणून कोणी "गोळ्या बंद कर, फक्त विश्वास ठेव" म्हणालं, तर तिथे थांबू नका. डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी सोडू नका.

आज तुम्ही त्या झाडाखाली असाल, तर एकटे राहू नका. घरातल्या एकाला आत्ताच सांगा. टेली-मानसच्या १४४१६ या नंबरवर रात्रीही फोन करता येतो, पैसे लागत नाहीत. आणि मंडळीत एखादा मित्र गप्प गप्प झाला असेल, तर त्याला वचन फॉरवर्ड करण्याआधी जेवायला बोलवा.

प्रार्थना : प्रभू, थकलेल्याला आधी भाकर देणारा देव तू आहेस. आम्हाला बोलायचं धैर्य दे, आणि आमच्या मंडळ्यांना ऐकायचे कान दे. येशूच्या नावात, आमेन.