गाडी भरण्याआधी आरसी मागा

आमच्या आष्टीकडे गाडीत किती माल बसतो हे आरसीवर कुणी बघत नाही, पाट्यांवर बघतात. पाटे सरळ झाले की "अजून दोन कट्टे बसतील", उलटे वाकायला लागले की "आता बास". आमच्या भागात ही रीत सर्रास चालते, आणि बहुतेक वेळा निभावतंही. निभावत नाही त्या दिवशी काय होतं, ते सोयाबीनच्या एका खेपेत पाहिलं.

माझा आणि शेजाऱ्याचा माल एकाच पिकअपमध्ये परतूर, वाटूर फाटा करत जालन्याच्या मोंढ्यात न्यायचा होता. फाळक्याच्या वर तीन थर गेले तेव्हा शेजाऱ्याने हटकलं. गाडीवाला म्हणाला, "काका, बसतंय. रोजचंच आहे." वाटेत तपासणी पथकाने गाडी बाजूला घेतली आणि काट्यावर नेली. गाडीची माल नेण्याची क्षमता 17 क्विंटल; चिठ्ठीवर निघाला 30 क्विंटलच्या वर. मग निम्मा माल उतरवून रस्त्याच्या कडेला ताडपत्रीवर ठेवायचा आणि दुसरी गाडी शोधायची. आभाळ भरून आलेलं. दुसरी गाडी येईपर्यंत सरीने खालचे कट्टे ओले केले. मोंढ्यात मॉइश्चरचं यंत्र काही ऐकून घेत नाही. सोयाबीनला 12 टक्के ओलावा धरतात. त्याच्या वर गेलं की भाव तोडून मागतात. आमच्या ओल्या कट्ट्यांचं तेच झालं. दुसऱ्या खेपेचं भाडं वाचवायला निघालो होतो, ते तर द्यावं लागलंच.

त्यातून जे कळलं ते सांगतो.

आरसीवर दोन आकडे असतात, रिकाम्या गाडीचं वजन आणि भारासह एकूण वजन. दोन्हींची वजाबाकी म्हणजे तुमचा माल, आणि त्यातच गाडीवाला आणि तुम्हीही आलात. छोटा हत्ती पहिल्यांदा बाजारात आला तो साडेसातशे किलोचा, म्हणजे साडेसात क्विंटलचा. त्यात पंधरा क्विंटल भरलेले मी किती वेळा पाहिलेत. मोठ्या ट्रकांची मर्यादा केंद्राने 2018 मध्ये वाढवली: दोन आसांचा ट्रक 16.2 वरून 18.5 टन, तीन आसांचा 25 वरून 28.5 टन. पण हे आकडे गाडीसकट एकूण वजनाचे आहेत, मालाचे नव्हेत. "मर्यादा वाढलीय" असं सांगणारा गाडीवाला भेटला तरी आपण त्याच्या आरसीवरचाच आकडा धरायचा.

दंडाचं म्हणाल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 194 मध्ये 2019 च्या दुरुस्तीनंतर जादा वजनाला 20,000 रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला 2,000 रुपये अशी तरतूद आहे; माल उतरवण्याचा खर्च वेगळा. थांबायला किंवा वजन करू द्यायला नकार दिला तर 40,000. पण शेतकऱ्याने खरा वाचायचा तो शब्द आकड्यात नाही. हे कलम गाडी चालवणाऱ्यापुरतं नाही, चालवायला लावणाऱ्यालाही लागू होतं. "भर रे, मी आहे" असं म्हणणारा मालधनी त्यात बसू शकतो. आणि दंड भरला की जादा मालासकट पुढे जाता येतं, ही समजूतही काढून टाका. परमजित भसीन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2005 मध्येच स्पष्ट केलंय की पैसे घेऊन जादा भार तसाच पुढे जाऊ देण्याची मुभा राज्यांना नाही. माल उतरवावाच लागतो. शेतमालाला दंडापेक्षा हे उतरवणंच महाग पडतं.

कापसाचं उलटं आहे. वजन मर्यादेत असतं, पण गाडी चहूबाजूंनी फुगलेली. बाजूला, मागे किंवा उंचीला माल बाहेर आला तर त्यालाही त्याच कलमात वेगळे 20,000 आहेत. मागच्या दुचाकीवाल्याला समोरचं काही दिसत नाही, हे दंडाहून वाईट. आणि वेचणीच्या बायकांना त्या कापसावर बसवून आणू नका. केबिनमध्ये बसलेल्या मालधन्याला विमा कायद्यात जागा आहे. मालावर बसलेल्या मजुराच्या भरपाईसाठी मात्र कोर्टाचे खेटे घालायची वेळ येते.

उसाबद्दल जरा जास्त बोलतो, कारण तिथे गैरसमज मोठा आहे. जादा भरलं की वाहतूक स्वस्त पडते असं आपल्याला वाटतं. तोडणी-वाहतुकीचे पैसे टनावर आणि अंतरावर ठरतात आणि आपल्याच बिलातून कापले जातात. ट्रॉलीत आठ टन टाका नाहीतर बारा, तुमच्या टनामागची कपात तीच. फायदा वाहतूकदाराचा. त्यालाही दोष देववत नाही. कारखान्याच्या यार्डात रात्र-रात्र नंबरला थांबल्यावर तो प्रत्येक खेप ठासून भरणारच. रांग हे मूळ आहे, आणि त्यावर बोलायची जागा म्हणजे कारखान्याचा शेतकी विभाग. दरम्यान तुमच्या रानाचं काय होतं ते बघा. ओल्या काळ्या जमिनीत ठासलेली ट्रॉली रुतते, दुसरा ट्रॅक्टर लावून ओढावी लागते, चाकोरीखाली बुडखे दबतात आणि खोडव्यात त्या पट्ट्यांना फुटवा येत नाही. हा तोटा कुठल्याच बिलावर दिसत नाही.

रस्त्याचंही तसंच. अमेरिकेत इलिनॉय राज्यात 1958 ते 1960 या काळात खास रस्ते बांधून त्यांवर भरलेले ट्रक फिरवले आणि नासाडी मोजली. त्यातून निघालेला ढोबळ नियम असा, की आसावरचा भार जितका वाढतो त्याच्या चौथ्या घाताने रस्ता झिजतो. भार तीस टक्के जास्त, तर नुकसान जवळजवळ तिप्पट. भार दुप्पट, तर सोळापट. ग्रामसडक योजनेच्या रस्त्याची देखभाल ठेकेदाराकडे पाच वर्षं असते. खाली काळी माती, पावसाळ्यात फुगणारी आणि उन्हाळ्यात भेगाळणारी. वरून डबल ट्रॉली. असा रस्ता पाच वर्षं कसा टिकणार? आणि रस्ता खराब म्हणून गाडीवाला भाडं वाढवून मागतो तेव्हा ते आपणच देतो.

मग करायचं काय? घरी प्लॅटफॉर्म काटा असेल तर कट्टे भरतानाच वजन लिहून काढा. नसेल तर पहिले दहा कट्टे कुठेतरी तोलून सरासरी धरा. "पन्नास किलोचा कट्टा" हातभरणीत पंचावन्नचा निघतो आणि चाळीस कट्ट्यांत दोन क्विंटलची चूक होते. भाडं खेपेवर न ठरवता क्विंटलवर ठरवा, म्हणजे कोंबण्यात तुमचा काही फायदाच उरत नाही. दोघांचा माल असेल तर दोन गाड्या सांगा. गावाबाहेर पडण्याआधी एकदा वजनकाट्यावर जा आणि चिठ्ठी खिशात ठेवा. मोंढ्यात वजनावरून वाद झाला तर तीच चिठ्ठी कामाला येते.

आणि ट्रॉलीचं. बहुतेक ट्रॉलींना स्वतःचा ब्रेक नसतो, सगळा भार ट्रॅक्टरच्या ब्रेकवर. म्हणून उताराला गाडी न्यूट्रल करू देऊ नका. मागे लाल रेडियम नसेल तर रात्री ट्रॉली रानाबाहेर काढू नका, वाहतूकदार कितीही घाई करो. बंद पडलीच तर झाडाचा डहाळा टाकून भागत नाही. बॅटरीवर लुकलुकणारा दिवा साखळीला बांधून ठेवा. आमच्याकडून जाणाऱ्या शेगाव–पंढरपूर मार्गावरची वाहनं आता वेगात असतात, आणि माजलगावकडून येणाऱ्याला अंधारात उसाची मोळी आणि रस्ता एकाच रंगाचे दिसतात.